परदेशच्या सत्राची प्रवासवही

भंडारा जिल्ह्यांतील विद्यार्थी एका सत्रापुरता परदेशीं निघाला, म्हणजे त्याच्या सामानांत घरीं बांधलेली एक वही असावी. आठ ताव मधोमध दुमडले कीं बत्तीस पृष्ठें होतात; त्यास बांधणीदार जुज म्हणतात. रोज एक पृष्ठ लिहिल्यास महिन्यास एक जुज पुरे. पांच महिन्यांच्या पांच जुजांना दुमडींतून मेण लावलेल्या दोऱ्यानें शिवून वर जाड पुठ्ठा चिकटवावा.

गोडसे भटजी १८५७ सालीं वरसईहून उत्तरेस निघाले. त्या प्रवासाची हकीकत त्यांनीं कित्येक वर्षांनंतर आठवणीनें लिहिली; ती १९०७ सालीं छापली गेली. तसें स्मरण सर्वांस लाभत नाहीं. फोनमधील छायाचित्रें देखावा राखतात. त्या दिवशींचा भाकरीचा भाव किंवा मनांतला संकोच राखीत नाहींत. तें त्याच रात्रीं टिपावें.

पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेहून परतल्यावर १८८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांची स्थिति यांचा विषयवार विचार केला. विद्यार्थ्यानेंही दर आठवड्यास एक विषय धरावा, आणि पृष्ठाच्या तळाशीं चार ओळी घरच्या तुलनेसाठीं राखाव्या. तेथील शेतांस पाणी कसें मिळतें, हें लिहूं लागतांच आपल्या गांवच्या मालगुजारी तलावाचें पाणी धानाच्या बांध्यांत कोणत्या क्रमानें सोडतात, हें आपणांस ठाऊक नाहीं, असें त्याच्या ध्यानांत येईल. तो प्रश्न वडीलधाऱ्यांस विचारून उत्तर तेथेंच लिहावें. परक्या मुलखाची वही अशा रीतीनें स्वतःच्या गांवाचीही ओळख करून देते.