अर्धी यादी टाकून देण्यापूर्वी

गेल्या दिवाळीच्या स्नेहसंमेलनात तोयोसुच्या सभागृहाच्या दारात लॅपटॉप घेऊन मी बसलो होतो. नावांची यादी माझी आणि नाव शोधणारा प्रोग्रामही माझाच. नुकतेच पुण्याहून आलेले एक काळे कुटुंब पुढे आले. नाव टाइप केले, तर उत्तर आले, ‘नोंद नाही’. छापील यादीत मात्र नाव स्पष्ट दिसत होते! त्यांना आत सोडले, पण डॉक्टरेटची ऐट दारातच उतरली. चूक कुठे झाली, ते सांगतो.

शब्दकोश आपण पहिल्या पानापासून वाचत नाही. मधले पान उघडतो, हवा तो शब्द आधी येईल की नंतर हे पाहतो आणि निम्मा कोश बाजूला सारतो. उरलेल्या निम्म्याचे पुन्हा तेच. यालाच ‘बायनरी सर्च’ म्हणतात. साठ हजार शब्दांत फार तर सोळा वेळा पाहावे लागते. शब्द दुप्पट झाले, तर एकच फेरी वाढते.

युक्ती सोपी, पण लिहायला फसवी. मध्य काढायला दोन टोकांचे क्रमांक मिळवून दोनने भागावे, हे कोणालाही सुचेल. पण यादी प्रचंड असली, तर ती बेरीज ३२ बिटांच्या २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेबाहेर जाते. जावा भाषेच्या अधिकृत लायब्ररीतही ही चूक होती. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये त्याविषयी लिहिले. उपाय असा, की दोन टोकांमधले अंतर निम्मे करून डाव्या टोकात मिळवावे.

आता नावे, तारखा, किमती यांसाठी वेगवेगळी फंक्शने कशाला? अर्धे करण्याचे काम एकाच फंक्शनकडे ठेवावे आणि ‘दोघांत आधी कोण?’ हे सांगणारे तुलनेचे फंक्शन त्याला बाहेरून द्यावे. सी भाषेतल्या ‘बीसर्च’ची रचना अशीच आहे. जपानी नावे कांजीच्या आकारावरून नव्हे, तर उच्चारावरून लावतात. म्हणूनच इथल्या अर्जांत नावाचा उच्चार कानालिपीत वेगळा लिहावा लागतो. तिथेही शोध तोच, तुलना तेवढी बदलायची.

अट एकच: यादी ज्या क्रमाने लावली, त्याच क्रमाने तुलना हवी. माझी यादी आपल्या वर्णमालेप्रमाणे होती: कदम, काणे, कामत, कासार, काळे, केळकर, कोरडे. वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून कासार आधी आणि काळे नंतर. पण माझी तुलना युनिकोडच्या क्रमांकांवरून चालली होती आणि तिथे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसतो. प्रोग्रामने मधले ‘कासार’ पाहिले, ‘काळे’ त्याआधी येणार असे ठरवले आणि उजवी बाजू टाकून दिली. काळे नेमके तिथेच होते.

यादी लावताना आणि शोधताना तुलनेचे एकच फंक्शन वापरले, आणि काम झाले. सहा नावे बरोबर सापडत होती, म्हणून मी निर्धास्त राहिलो होतो. आता चाचणीत ‘ळ’ असलेली नावे मी सर्वांत आधी घालतो.