जिम लावली, पण टिकली का?



आपण दूध लावतो, पेपर लावतो, मुलांना शिकवणी लावतो. गेल्या काही वर्षांत आपल्या नगरमध्ये बायका "जिम लावली" असंही म्हणायला लागल्या आहेत. (कागदावर आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय.) लावलेली गोष्ट रोजची असते. दूधवाला चार दिवस आला नाही, तर आपण लगेच फोन करतो. जिमच्या बाबतीत चार दिवस आपणच जात नाही, आणि विचारायला कुणी फोन करत नाही. पैसे मात्र भरलेले असतात.

मी सावेडीतल्या एका लहानशा जिममध्ये सकाळच्या बायकांच्या बॅचला तीन वर्षं जाते आहे. एक हॉल, रबरी मॅट, डंबेल, पंधरा-वीस जणी, एक ट्रेनर मुलगी आणि मोठ्या आवाजातली गाणी, एवढाच कारभार. आजच्या कार्यक्रमासाठी बॅचमधल्या मैत्रिणींशी बोलले, आणि मुद्दाम सोडून गेलेल्यांशीही बोलले. टिकलेल्यांपेक्षा सोडून गेलेल्यांनीच मला जास्त शिकवलं. नावं सांगायची नाहीत असं ठरलंय.

पहिल्या दिवसाची भीती सगळ्यांची सारखीच निघाली, आणि ती व्यायामाची नव्हतीच. भिंतभर लावलेल्या आरशाची होती. एक शिक्षिका म्हणाल्या, "घरातला आरसा टिकली लावण्यापुरता. पायापासून डोक्यापर्यंत स्वतःला हलताना मी कधी बघितलंच नव्हतं." त्या पहिला आठवडा मागच्या रांगेत, खांबाच्या आड उभ्या राहत. दुसरी भीती कपड्यांची. लेगिंग घालून जिन्यातून उतरायचं, वर शेजारच्या काकू दूध घ्यायला दारात उभ्या. मग त्यावर गाउन किंवा मोठा कुर्ता, आणि जिममध्ये पोचल्यावर तो काढून खुंटीला. आमच्या हॉलच्या खुंट्यांवर रोज सकाळी दहा-बारा कुर्ते लटकलेले असतात. कपडे काय वाटेल ते चालतात; बूट मात्र हवेत. चपलेवर किंवा अनवाणी उड्या मारून घोटा मुरगळलेल्या दोघी मी पाहिल्या आहेत.

घरातली परवानगी हा वेगळाच विषय. नवरात्रात पहाटे अंधारात केडगावच्या देवीला चालत जाणाऱ्या बाईला घरात कुणी "एवढ्या सकाळी कुठे?" म्हणून विचारत नाही. तीच बाई त्याच वेळी बूट घालून जिमला निघाली, की डबे कोण भरणार, भाकरी कोण टाकणार, हे प्रश्न एकदम उभे राहतात. "घरातलं काम काय कमी आहे का, तोच व्यायाम," हे वाक्य तर प्रत्येकीने ऐकलंय. कधी सासूबाईंकडून, कधी नवऱ्याकडून, आणि खरं सांगायचं तर कधी स्वतःच्याच तोंडून.

या वाक्याचा जरा विचार करू. घरकामात आपण दिवसभर हलतो, पण बहुतेक वेळ वाकून, एकाच बाजूने, थांबत थांबत. श्वास वाढेल इतका वेग सलग दहा मिनिटं क्वचितच लागतो, आणि ताकद वाढेल इतकं वजनही रोज त्याच पद्धतीने उचललं जात नाही. पाठ दुखते ती थकव्याने, आणि मांड्या-पोटाचे स्नायू तसेच कमजोर राहतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम गतीची हालचाल सांगते. म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकी धाप लागेल अशी. शिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. 2024 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या सुमारे 57 टक्के स्त्रिया पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांमध्ये हे प्रमाण 42 टक्के आहे. दिवसभर उभ्या असणाऱ्या आपण, आणि आकडा आपलाच मोठा!

आता सोडून जाण्याची कारणं. पहिली गळती तिसऱ्या दिवशी होते. पहिल्या दिवशी हुरूप असतो, उठाबशा जोरात होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. संडासला बसताना भिंत धरावी लागते. "मला काहीतरी इजा झाली" असं वाटून बाई घरी बसते. सवय नसलेल्या स्नायूंना काम पडलं की त्यांच्या धाग्यांना बारीक बारीक दुखापत होते आणि ती भरून येताना हे दुखणं उठतं. साधारण एक ते तीन दिवस ते जास्त असतं, मग आपोआप उतरतं. त्या दिवसांत अगदी झोपून राहण्यापेक्षा हलकं चालणं बरं. पुढच्या आठवड्यात तोच व्यायाम निम्मासुद्धा दुखत नाही. मात्र सांध्यात टोचल्यासारखी कळ आली, सूज आली, किंवा लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. आणि व्यायाम करताना छातीत दुखलं तर तिथल्या तिथे थांबायचं. रक्तदाब, साखर, हृदयाचा त्रास असेल, तर जिम लावण्याआधीच डॉक्टरांना विचारलेलं चांगलं.

दुसरी एक होती केडगावची, पस्तिशीची. झुंबा सुरू झाला की दहा मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी. ट्रेनर म्हणायची, "ताई, स्टॅमिना कमी आहे, वाढेल." दोन महिने वाढला नाही. शेवटी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन 8. गरोदर नसलेल्या बाईचं ते 12 किंवा त्याहून जास्त हवं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त, 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. म्हणजे वीस जणींच्या बॅचमध्ये अशा कितीतरी जणी उभ्या असणार. तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घेतल्या, जेवणाला लागून चहा पिणं सोडलं, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि चार महिन्यांनी परत आली. जिमचे बूट घेण्याआधी ही एक तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यातही होते.

तिसरं कारण कुणी सहज सांगत नाही. एक मैत्रीण, दोन बाळंतपणं झालेली, हसरी, पुढच्या रांगेत उभी राहणारी. अचानक यायची बंद झाली. विचारलं की, "वेळ मिळत नाही गं." वर्षभराने, या कार्यक्रमाच्या निमित्ताने, तिने खरं सांगितलं. उड्या मारताना लघवीचे थेंब जायचे. एकदा फिकट रंगाच्या लेगिंगवर डाग दिसला आणि आरशात तो तिलाच आधी दिसला. तिला वाटलं, हे फक्त आपल्यालाच.

मैत्रिणींनो, हे खूप जणींना होतं. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात. गर्भाशय, मूत्राशय त्यांच्यावर टेकलेलं असतं. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, आणि पाळी जाण्याच्या वयात आणखी सैल होते. खोकताना, शिंकताना, उडी मारताना वरून दाब आला की ती धरून ठेवू शकत नाही. बाकीच्या स्नायूंसारखी हीसुद्धा व्यायामाने घट्ट होते. लघवी किंवा वारा रोखताना जे आवळतो, तेच स्नायू आवळायचे, पाच-सहा सेकंद धरायचे, पूर्ण सोडायचे. श्वास रोखायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. असं निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, आणि किमान तीन महिने. कुकरच्या शिट्ट्या मोजत उभ्या उभ्या करता येतं, कुणाला कळतही नाही. तोवर वर्गात उडीऐवजी बाजूला पाऊल टाकायचं. एवढ्यानेही फरक पडला नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं. आमच्या ट्रेनरला हे सांगितलं, तेव्हा ती थोडी गोंधळली, कारण ती स्वतः तेवीस वर्षांची. पण आता प्रत्येक उडीच्या प्रकाराआधी ती "ज्यांना उडी नको त्यांनी स्टेप करा" असं सगळ्यांना मिळून सांगते. कुणाचं नाव न घेता. त्यानंतर मागच्या रांगेतल्या सहा-सात जणी स्टेप करायला लागल्या! वर्ष वर्ष त्या काय सहन करत होत्या, कोण जाणे.

आणि मग वजन. बहुतेक जणी वजन उतरवायला येतात आणि महिन्याने काटा हलला नाही म्हणून जातात. हिशेब सांगते. तासभर घाम गाळून साधारण 300 कॅलरी खर्च होतात, आणि एक वडापाव जवळजवळ तेवढाच भरतो. जिममधून येताना प्रोफेसर कॉलनी चौकात चहा-वडा झाला की हिशेब फिटला. वजन मुख्यतः खाण्यावर हलतं. पण व्यायामाने जे बदलतं, ते काट्यावर दिसत नाही. एकीचं वर्षभरात वजन दोनच किलो उतरलं, पण गॅसची टाकी ती आता स्वतः सरकवते, आणि मांडीतली ताकद वाढल्यामुळे गुडघ्यावरचा भार कमी झाला. आपल्याकडे साधारण 46-47 व्या वर्षी पाळी थांबते आणि त्यानंतर हाडं झपाट्याने विरळ होतात. वजनं उचलली की स्नायू हाडाला ओढतो आणि हाडाला घट्ट राहण्याचं कारण मिळतं. नुसत्या झुंब्याने हे पुरेसं होत नाही. म्हणून बॅचमध्ये आठवड्यातून दोनदा डंबेल आहेत का, हे आधी विचारा.

डंबेल म्हटलं की काहींच्या घरी "पैलवान व्हायचंय का?" हा टोमणा येतो. स्नायू फुगवणारं संप्रेरक बायकांत फारच थोडं असतं, त्यामुळे तीन-पाच किलोच्या डंबेलने दंड फुगत नाहीत. आणि व्हायचं असलं तरी काय बिघडलं? आपल्या श्रीगोंद्याची भाग्यश्री फंड 2025 साली महिला महाराष्ट्र केसरी झालीच की.

स्नायूंना प्रथिनं लागतात, हे खरं. पण काउंटरवर ठेवलेला पावडरचा डबा घ्यायलाच हवा असं नाही. साठ किलोच्या बाईला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं पुरतात. मटकीची उसळ, डाळ, दूध-दही, अंडी, मूठभर शेंगदाणे असं दिवसभरात विभागून खाल्लं तर ती मिळतात. अडचण एवढीच, की उसळ सगळ्यांना वाढून झाल्यावर आपल्या ताटात रस्साच उरतो.

पैशांचं थोडक्यात सांगते. पहिल्याच दिवशी वर्षाची ऑफर घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. आधी एक महिना भरा. पावती घ्या, आणि मध्ये आजारपण आलं तर दिवस पुढे मिळतील का, हे त्या पावतीवर लिहून घ्या. मी स्वतः एका ठिकाणी वर्षाचे पैसे भरले होते. चार महिन्यांत ते बंद झालं आणि हातात पावतीसुद्धा नव्हती. पावती असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करता येतो, जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. जिमवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने कुणी लावला तर विचारा.

मग टिकतं कोण? मी पाहिलं तर निश्चयाच्या बायका टिकतातच असं नाही. ज्यांना न जाण्याबद्दल कुणीतरी विचारतं, त्या टिकतात. आमच्या बॅचने दोन-दोनच्या जोड्या केल्या आहेत. जोडीदारीण आली नाही, तर दुसरीने वर्ग सुटल्यावर फोन करायचा. ओरडायचं नाही, फक्त "बरी आहेस ना?" विचारायचं. या फोनवरच एकीच्या सासूबाई दवाखान्यात असल्याचं कळलं आणि तीन दिवस तिच्या घरी डबे गेले. भिंतीमागे लपणाऱ्या त्या शिक्षिका आज पहिल्या रांगेत आहेत, आणि त्यांची जोडीदारीण आहे त्यांच्याच गल्लीत धुणीभांडी करणारी मावशी. फी तिची तीच भरते. एरवी या दोघी एकमेकींच्या घरी चहाला बसल्या असत्या का, ते मला सांगता येणार नाही.

आणि आमच्या वेळापत्रकात एक गोष्ट कुठल्याच मोठ्या जिममध्ये नसेल. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि पाणी आलं की बाई घराबाहेर पडूच शकत नाही. म्हणून फळ्यावर कुठल्या भागात कधी पाणी, हे लिहिलेलं असतं, आणि त्या दिवशी त्या भागातल्या बायका संध्याकाळच्या बॅचला आल्या तरी चालतं. उद्या आमच्या गल्लीचा नंबर आहे. मी संध्याकाळी जाईन.