हवाईसुंदरी आणि पस्तिशीची अट

शिर्डीजवळ काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी विमानतळ सुरू झाला आणि हवाईसुंदरी ही आपल्या जिल्ह्यातील मुलींना केवळ चित्रपटात पाहायची गोष्ट राहिली नाही. या नोकरीमागचा एक खटला मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

एअर इंडियाचा नियम असा होता : हवाईसुंदरीने पहिल्या चार वर्षांत लग्न केले, तिला पहिल्यांदा दिवस गेले किंवा तिने पस्तिशी गाठली, की नोकरी संपली. मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. त्याच विमानात प्रवाशांची सेवा करणारा पुरुष पर्सर मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरीत! (एकीला ‘सुंदरी’ म्हणायचे आणि दुसऱ्याला हुद्द्याने ओळखायचे, यातच सारे आले.)

नर्गेश मिर्झा व त्यांच्या सहकारिणी न्यायालयात गेल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट घटनेच्या चौदाव्या कलमाविरुद्ध ठरवून रद्द केली. संचालकांची मर्जीही गेली. लग्नाची अट तेवढी टिकली. दोघांच्या श्रेणीच वेगळ्या, तेव्हा तुलना कसली, हा युक्तिवाद मान्य झाला. तो आम्हांला पटत नाही. त्या श्रेणी वेगळ्या केल्या कोणी? व्यवस्थापनानेच ना?