मुंबईची दोन महिन्यांची उमेदवारी

मंडळी, समजा, तुमचा मुलगा तालुक्याच्या कॉलेजात शिकतो. एप्रिल संपत आला की तो घरी येऊन सांगतो, "आबा, मला दोन महिने मुंबईला जायचं आहे. चिंचपोकळीला एक संस्था आहे. तिथं काम करायचं आहे."

आबा विचारतात, "पगार किती?"

मुलगा खाली बघतो. "पगार नाही. जाण्यायेण्याचं भाडं तेवढं देतील."

मग घरात बोलाचाली सुरू होते. बिनपगारी राबायला मुंबई कशाला हवी? शेतात कामे कमी आहेत का? आबांचे काही चुकले नाही. पण ही काय गोष्ट आहे, ती आधी समजून घेऊ.

कॉलेजात हिला इंटर्नशिप म्हणतात. आपला जुना शब्द उमेदवारी. पोरगा सुताराच्या हाताखाली आधी रंधा धरायला शिकतो, तसेच हे. फरक एवढाच की ही संस्था नफ्यासाठी चालत नाही. कोणी आजाऱ्यांना मदत करते, कोणी चाळीतल्या मुलांना शिकवते.

चिंचपोकळीच्या बाजूला अशा कामाची वहिवाट जुनी आहे. स्टेशनाच्या पश्चिमेच्या रस्त्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात. हे नारायण मल्हार जोशी रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे. त्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणी कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि मोफत वाचनालये चालवली. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसे. आज आपणही तेच करतो आहोत, नाही का?

निघण्याआधी संस्थेचे पत्र हातात घ्या आणि स्वतः वाचा. किती दिवस काम, किती तास, कोणाच्या हाताखाली, पैसे किती, हे त्यात लिहिलेले हवे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, तेही विचारा. तिचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. आणि काम देण्यासाठी उलट तुमच्याकडेच कोणी पैसे मागू लागला, तर तिथे जाऊच नका.

कोकणातून, कोल्हापूरकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या दादरला थांबतात. तिथे उतरावे. लोकलचे तिकीट वेगळे काढावे. दादरला मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वे आहेत. चिंचपोकळी मध्य रेल्वेवर आहे. मुंबईच्या बाजूला जाणारी धीमी गाडी धरावी. परळ, करी रोड आणि मग चिंचपोकळी. जलद गाडी इथे थांबत नाही, ती थेट भायखळ्याला नेते. डब्यावर लिहिलेले वाचून मगच चढावे. साधे तिकीट घेऊन पहिल्या वर्गात शिरलात तर दंड पडतो.

आता राहायचे कुठे? खरी अडचण इथेच आहे. काम संस्था देते, पण पाठ टेकायला जागा ज्याची त्याने बघायची.

पूर्वी गिरण्या चालू होत्या तेव्हा हा प्रश्न गावानेच सोडवला होता. आजरा, चंदगडकडच्या कितीतरी गावांनी मुंबईच्या चाळींत गावकीची खोली घेतली होती. एका खोलीत तीस-चाळीस माणसे. प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी. गिरणीत तीन पाळ्या असत. एक पाळी कामाला गेली की दुसऱ्या पाळीचे लोक त्याच जागेवर झोपत. नवा पोरगा गावाहून आला की सरळ या खोलीत येई. कोणी काम बघून देई, कोणी पहिल्या महिन्याचे जेवण सांभाळी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. गिरण्यांच्या जागी उंच इमारती उठल्या, कितीतरी चाळी पाडल्या गेल्या. गावकीच्या खोल्याही कमी झाल्या. पण काही अजून आहेत. आपल्या गावाची आहे का, ते गावच्या मंडळात विचारा. भाडे थोडे असते, मात्र नियम कडक असतात.

या खोल्या पुरुषांच्या. मुलगी जाणार असेल तर नातेवाइकांचे घर किंवा बायकांचे वसतिगृह आधीच ठरवा. मुंबईत उतरल्यावर बघू, असे म्हणू नका.

जेवणासाठी खानावळ. कामगारांच्या बायकाच घरात खानावळी चालवत. महिनाभर जेवू घालायचे आणि पगाराला हिशेब. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज त्यांच्या डोक्यावर. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. संस्था काय करू शकते, याचे हे एक उदाहरण बघा.

पाणी चाळीत ठरल्या वेळीच येते. त्या वेळी उठावे, आपली बादली भरावी. हे पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा लांबच्या धरणांतून येते. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते! ही बादली भरताना एवढे ध्यानात असू द्यावे.

आता काम. संस्था रुग्णांसाठी काम करणारी आहे असे धरू. परळला टाटा इस्पितळ आहे, केईएम आहे. राज्यभरातून, परराज्यांतूनही आजारी माणसे तिथे येतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कर्करोगाचे रुग्ण उतरतात. सगळ्यांनाच जागा मिळते असे नाही. कितीजण इस्पितळाबाहेर फुटपाथवर पथारी टाकतात. कुठल्या खिडकीवर कागद द्यायचा, कुठल्या मजल्यावर जायचे, हे त्यांना कळत नाही. आपला मुलगा पहिल्या आठवड्यात त्यांना काय शिकवणार? त्याला स्वतःलाच जिना सापडत नसतो. म्हणून त्याने आधी जुन्या कार्यकर्त्यामागे नुसते फिरावे. कागद कोण घेतो, कोणता शिक्का कुठे मिळतो, ते वहीत टिपून ठेवावे. आठ-दहा दिवसांनी एखादी म्हातारी त्याच खिडकीपुढे गोंधळून उभी असेल. तेव्हा ती वही कामाला येईल.

राहिला पैसा. गिरणीतला माणूस मुंबईहून गावाला मनीऑर्डर करी, त्यावर घर चाले. आता दोन महिने पैसा गावाकडून मुंबईला जाणार. तेव्हा आबांनी मुलाला जवळ बसवावे आणि खर्च कागदावर मांडावा. जागेचे भाडे, खानावळ, लोकलचा महिन्याचा पास, फोन, औषधपाणी. जूनमध्ये पाऊस लागला की रुळांवर पाणी येते, गाड्या अडतात. अशा दिवसासाठी थोडे पैसे वेगळे बांधून द्यावेत. एवढे झेपत नसेल तर मुलाने संस्थेला तसे मोकळेपणाने सांगावे. काही संस्था जेवणाचा खर्च उचलतात, पण तो मागितल्याशिवाय त्यांना कसा कळणार?

आणि परत निघताना खानावळवाल्या मावशींचा हिशेब चुकता करूनच गाडीत बसावे.