मल्टीचॅनल साऊंड कार्ड: घरगुती रेकॉर्डिंगच्या धंद्यात कधी घ्यायचं आणि कधी नाही?



समजा, तुम्ही शनिशिंगणापूरला किंवा नेवासा तालुक्यातल्या शेजारच्या एखाद्या गावात राहता. घरी बऱ्यापैकी लॅपटॉप आहे, सुराची जाण आहे आणि डोक्यात एक कल्पना आहे: गावोगावच्या भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करून द्यायचं. कल्पना चांगली आहे. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथला हा मुलूख. मंडळांना आता यूट्यूबवर टाकायला स्वच्छ आवाज हवा असतो, आणि मोबाईलवर रेकॉर्ड केलं की टाळ सगळ्यांच्या डोक्यावर बसतात, गायकाचे शब्दच कळत नाहीत.

मग पहिली खरेदी कोणती? बहुतेक जण म्हणतात, “मल्टीचॅनल साऊंड कार्ड.” आणि इथेच भांडवल अडकतं. म्हणून आज तीन गोष्टी बघूया: चॅनल किती लागतात, खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे आणि पैसे कधी वसूल होतात.

मल्टीचॅनल म्हणजे नेमकं काय?

मोबाईलचं रेकॉर्डिंग म्हणजे खिचडी. एकदा शिजली की त्यातून मीठ काढता येत नाही. मल्टीचॅनल रेकॉर्डिंग म्हणजे ताट: भाजी वेगळ्या वाटीत, आमटी वेगळ्या वाटीत. गायकाचा माईक एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्या, पखवाज तिसऱ्या. सगळे एकत्रच गातात-वाजवतात, पण आवाज वेगवेगळे साठतात. नंतर निवांत बसून टाळ कमी करा, गायक वर घ्या.

लक्षात घ्या, हे फक्त एकाच वेळी वाजणाऱ्या गोष्टींसाठी लागतं. एकटा माणूस आधी पेटी आणि मग आवाज रेकॉर्ड करणार असेल, तर दोन इनपुटच्या छोट्या कार्डावरही वीस-पंचवीस ट्रॅकचं गाणं तयार होतं.

खोक्यावरचे आकडे नीट वाचा

पहिली गल्लत: ७.१ लिहिलेलं साऊंड कार्ड. त्यातले आठ चॅनल स्पीकरकडे जाणारे, म्हणजे सिनेमा ऐकण्यासाठी. आठ माईक त्याला लागत नाहीत. आपल्याला हवं ते ऑडिओ इंटरफेस, ज्याला एक्सएलआर माईकची भोकं असतात.

दुसरी गल्लत: मॉडेलच्या नावातला मोठा आकडा. फोकसराइटचं स्कार्लेट १८आय२० किंवा बेहरिंगरचं यूएमसी१८२० घ्या. नावावरून वाटतं की अठरा माईक लागतील. प्रत्यक्षात माईकचे प्रीअँप आठच. बाकीचे इनपुट डिजिटल असतात आणि ते वापरायला आणखी एक यंत्र विकत घ्यावं लागतं. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: “माईक प्रीअँप किती?”

तिसरी गल्लत: यूएसबी मिक्सर. समोर बारा माईकची भोकं दिसतात, पण बरेच मिक्सर कॉम्प्युटरला फक्त दोन चॅनल पाठवतात. म्हणजे परत खिचडीच! “यूएसबीवर किती ट्रॅक वेगळे जातात?” हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि चार स्वस्त यूएसबी कार्डं एकत्र जोडायचा विचारही सोडा. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ आणि पखवाज एकमेकांपासून सरकायला लागतात.

भजनी मंडळाची मोजणी

कागद घ्या आणि लिहा. मुख्य गायक १, पेटी १, पखवाज २ (धुमेला एक, शाईला एक), टाळकरी आणि मागून गाणारे २, वीणा १. झाले सात. एक इनपुट राखीव ठेवा, कारण ऐनवेळी कोणीतरी बासरी घेऊन येतंच. म्हणजे आठ प्रीअँपचं यंत्र इथे चैन नाही, गरज आहे.

पण तुमचं काम दुकानांच्या जाहिराती, रिक्षावर फिरणारी घोषणा, शाळेच्या गॅदरिंगची सूत्रं किंवा एकट्या कीर्तनकाराचा आवाज एवढंच असेल, तर दोन इनपुट पुरे. मधला टप्पा म्हणजे चार प्रीअँपचं यूएमसी४०४एचडी यासारखं यंत्र: गायक, पेटी, तबला आणि एक कोरस.

दार नसलेल्या घरात रेकॉर्डिंग

शिंगणापूरची ख्याती तुम्हाला माहीत आहेच. घराला चौकट असते, पण दाराची फळी नसते. २०११ साली यूको बँकेने इथे काढलेली शाखासुद्धा बिनकुलपाची बँक म्हणून देशभर गाजली. रेकॉर्डिंगवाल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: जिथून माणूस आत येतो, तिथून आवाजही येतो. गाड्या, भाविकांची वर्दळ, रसवंतीची घुंगरं, सगळं माईकमध्ये. आणि जितके माईक जास्त, तितका हा बाहेरचा आवाज जास्त वेळा आत घुसतो. आठ इनपुट घेतल्यावर रेकॉर्डिंग आपोआप चांगलं होत नाही, ते असं.

उपाय महाग नाहीत. आतली खोली निवडा. चौकटीला दोन जाड गोधड्या थोडं अंतर सोडून टांगा. त्याने आवाज पूर्ण थांबणार नाही, पण खोलीतला घुमारा आणि बाहेरची किणकिण बरीच कमी होते. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते आणि तो लांबचंही टिपतो. इथे साधे डायनॅमिक माईक, वाद्याच्या जवळ लावून, जास्त उपयोगाचे. माईक वाद्यापासून एक वीत असेल, तर शेजारचा माईक निदान तीन विती लांब ठेवा. शनी अमावस्येला आणि शनिवारी तारीख देऊच नका.

कॉम्प्युटरकडून काय हवं?

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एक ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा खातो. आठ ट्रॅक म्हणजे मिनिटाला ६९ एमबी, तासाला चार जीबीच्या वर. एसएसडी असलेला लॅपटॉप घ्या आणि घरी आल्यावर त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मंडळ परत तसं गाणार नाही.

गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला, तर तो बिचकतो. विंडोजवर कंपनीचा एसिओ ड्रायव्हर टाका आणि बफर १२८ किंवा २५६ ठेवा. २५६ ला हा उशीर एका बाजूला ५ मिलिसेकंदांच्या आसपास असतो, १०२४ ला २१ च्या पुढे जातो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असेल तर तीच वापरा. सॉफ्टवेअरमध्ये रीपर ६० दिवस मोफत वापरून बघता येतं. नंतर मात्र परवाना घ्या.

गूं असा आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला, तर दोष अर्थिंगचा आहे. माईक बदलून काही होणार नाही.

आता हिशोब

आकडे उदाहरणादाखल धरतोय, तुम्ही तुमचे टाका. आठ चॅनलचा पूर्ण संच, म्हणजे इंटरफेस, माईक, स्टँड, केबल: ७०,००० रुपये. एका मंडळाकडून ४,००० मिळाले, गाडी-मदतनीस यांत १,२०० गेले, हातात राहिले २,८००. भांडवल सुटायला २५ कामं. महिन्याला दोन कामं मिळाली तर साडेबारा महिने.

दोन चॅनलचा संच २०,००० चा. एका जाहिरातीमागे ८०० राहिले, तरी २५ कामंच. पण अशी कामं महिन्याला पाच मिळाली, तर पाच महिन्यांत पैसे मोकळे.

म्हणून माझा सल्ला: सुरुवात दोन चॅनलने. मंडळाचं काम आलं, तर त्या दिवसापुरता आठ चॅनलचा इंटरफेस आणि माईक ओळखीच्या साऊंडवाल्याकडून भाड्याने घ्या. अशी सहा कामं पूर्ण झाली आणि सातव्याचा ॲडव्हान्स हातात आला, की मग स्वतःचं यंत्र घ्या.

कागदाचं काम विसरू नका. संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत, पण अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याच्या मालकीची असते. भारतात हा हक्क निर्मात्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं चालतो. रेकॉर्डिंग कोणाच्या चॅनलवर जाणार आणि उत्पन्न कोणाचं, हे मंडळाच्या अध्यक्षांच्या सहीने एका पानावर आधीच लिहून घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, तीही करून टाका.

आजचा गृहपाठ: तुमच्या दहा किलोमीटरच्या परिसरातल्या मंडळांची यादी करा. प्रत्येकाकडे जा, एकदा शांतपणे भजन ऐका आणि एकाच वेळी किती आवाज वाजतात ते मोजा. किती मंडळं पैसे द्यायला तयार आहेत, तेही विचारा. दुसरा आकडा आधी बघा, पहिला नंतर. साऊंड कार्ड त्यानंतर.