दुसऱ्या सूर्यांचे ग्रह आणि आपली मुले

पाच-सहा वर्षांच्या मुलाकडून आपण सूर्याच्या आठ ग्रहांची नावे पाठ करून घेतो. परंतु इतर ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरतात, हे त्याला कसे सांगावे? माझे म्हणणे एवढेच, की नुसते ‘काय आहे’ ते सांगू नये. ‘कशावरून’ तेही सांगावे.

प्रथम हे पटवावे, की प्रत्येक तारा हा दूरचा सूर्यच होय. मग अंगणात मुलाशी फुगडी खेळावी. मूल मोठ्या वर्तुळात गरगर फिरते. पण आपणही एका जागी स्थिर राहत नाही, लहानशा वर्तुळात फिरतो. ग्रह आपल्या ताऱ्याला असाच किंचित हलवतो. तिथे हातांचे काम गुरुत्वाकर्षण करते. मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी १९९५ साली महाश्व तारकासमूहातील एका ताऱ्याचे हे हलणे त्याच्या प्रकाशावरून ओळखले. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह असा हाती लागला. त्याची एक फेरी सव्वाचार दिवसांत पुरी होते. म्हणजे आपले पाच वर्षांचे पोर तिथल्या हिशेबाने चारशे तीस वर्षांचे! हे ऐकून कोणते मूल हसणार नाही?

दुसरी रीत दिव्याची. पेटत्या दिव्यासमोरून सुपारी फिरवावी; उजेड थोडा कमी होतो. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गेला, तर प्रकाश सुमारे शंभराव्या भागाने घटतो. २००९ साली सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने याच रीतीने दोन हजारांहून अधिक ग्रह शोधले.

पुस्तकांतील निळ्या समुद्रांची चित्रे मात्र चित्रकाराच्या कल्पनेची असतात, हे मुलाला स्पष्ट सांगावे. ज्या थोड्या ग्रहांची खरी छायाचित्रे मिळाली, त्यांत ते ठिपक्यासारखेच दिसतात. त्या ठिपक्याची गोडी चित्राहून कमी नाही. तो खरा आहे.

‘कशावरून?’ असे विचारणाऱ्या पोराला आपण ‘गप्प बैस’ म्हणतो. कामगार चळवळीत मी पाहिले आहे, की लहानपणी गप्प बसवलेला माणूस पुढे पगाराच्या चिठ्ठीतील कपातीबद्दलही विचारायला कचरतो. म्हणून मुलाला ताऱ्यांबद्दल विचारू द्या. प्रश्न विचारण्याची सवय तिथूनच लागू द्या.