पाणी असूनही पंप का थांबतो?

विहिरीतल्या फ्लोट स्विचची लांबलचक वायर बहुतेकदा मोटारीच्या केबलला बांधूनच वर आणतात. चूक तिथेच होते. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर सुटला की त्याच्या कॉइलमधून व्होल्टेजचा जबर झटका उसळतो आणि शेजारच्या वायरमध्ये उतरतो. फ्लोटचा निरोप वाचणाऱ्या अटमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलरमधला पुल-अप रेझिस्टर २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे कमजोर. हा झटका आवरणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. मग मायक्रोकंट्रोलरला विहीर आटल्याचा खोटा निरोप जातो.

फ्लोटला २४ व्होल्ट द्यावेत आणि २.२ किलोओहममधून ऑप्टोकप्लर चालवावा. त्याला सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. तेवढा जोर किरकोळ गोंगाटात नसतो. पाण्याची पातळी सावकाश बदलते, म्हणून प्रोग्रॅमनेही दोन सेकंद सलग तोच निरोप आल्यावरच हालचाल करावी. तरी माझा आग्रह आधी कॉइलवर स्नबर बसवण्याचा आहे, कारण झटका जन्मतो तिथेच दबतो.